शेरा

सोमवारपासून मला एकच काम :
शेऱ्याचा रकाना रिकामा करायचा.
सबनीस बाईंनी पत्रक वाचून दाखवलं,
साकीनाका, चौथा मजला, एसी बंद —
वसुलीला लागेल तेवढीच माहिती ठेवा.
नाव, मीटर, थकबाकी,
मोबाइलचे शेवटचे चार आकडे.
आधीच्या सहांवर फुल्या.

परेरा म्हणाला, बरं झालं,
आता गिऱ्हाइकाशी फुलीगोळा खेळता येईल.

मशीनला सांगता आलं असतं,
पण मधेच कुठे मीटरचं सील असतं, कुठे कोर्टाची तारीख,
ती ठेवायची.
म्हणून माणूस, म्हणजे मी.

शेरे चौदा हजारांवर. बहुतेक कुडतरकरांचे.
त्यांना रिटायर होऊन नऊ वर्षं झाली.
अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी,
स्पेलिंग देवाच्या भरवशावर.

"बाई खोटं बोलते." पुसलं.
"नवरा पितो. शेजारणीसमोर विषय काढा, लाजेने भरेल."
हे पुसताना बोट जरा जोरात बसलं.
"भाडेकरू. आडनाव बघून घ्या."
पुसलं.
हे कुडतरकरांनी लिहिलं नसावं.
लिहिलंही असेल. मी त्यांना एकदाच पाहिलं,
निरोपाच्या दिवशी, हातात नारळ,
तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

मग तांडेल, वरळी कोळीवाडा :
"बोट बंद. नारळी पौर्णिमेनंतर महिन्याने विचारा."
लालवानी, चेंबूर कॅम्प :
"आजोबांना कमी ऐकू येतं. मोठ्याने बोललं की रडतात."
चौगुले, माझगाव :
"घरात मयत. चाळिसाव्यापर्यंत फोन नको."

हे घेऊन मी बाईंकडे गेले.
त्या वाईट नाहीत.
चष्मा डोक्यावर सरकवून म्हणाल्या,
अगं, दुःख ही पण वैयक्तिक माहितीच ना?

बरोबर आहे.
कुणाच्या घरातून कोण गेलं
ते गॅस कंपनीकडे कशाला पडून राहावं वीस वर्षं?
पुसलं.
फक्त एक तारखेपासून डायलर
सकाळी नऊच्या ठोक्याला
सगळ्यांना त्याच गोड आवाजात सांगेल,
नमस्कार, आपले बिल थकीत आहे.

गुरुवारी सव्वातीनला मुलुंड, गव्हाणपाडा.
खातं बंद, बाकी शून्य.
नाव बाबांचं.

"मुलगी उचलते. बाबा घरी नाहीत म्हणते.
मागे खोकला ऐकू आला.
लहान आहे. तूर्त फोन करू नये."
नोव्हेंबर, दोन हजार चार.

फोन लाल होता,
खाली उंच स्टूल, वर क्रोशाचा रुमाल.
बाबा पलंगावरून हातानेच नको नको म्हणत होते
आणि मी, तिसरीतली,
एका दमात, शाळेत पाढा म्हणावा तसं.
नंतर चार महिने कुणी विचारलं नाही.
बाबांनी चिक्की आणली.
आई कुणालाही सांगायची, आमची पोरगी हुशार.

इतकी वर्षं मला वाटायचं
त्या माणसाला पटलं होतं.

पडद्यावर खिडकी उघडली :
नोंद सहा मिनिटं उघडी आहे.
कारण लिहा. किमान दहा अक्षरं.

परेरा चहा विचारत होता.
मी लिहिलं,
बाबा घरी नाहीत.

त्याने ते मान्य केलं.
मग शेरा पुसला, सेव्ह केलं,
पुढचं खातं नाहूरचं,
तिथे रकाना आधीपासूनच रिकामा होता,
तरी मी थोडा वेळ थांबले.